बारा घोंगडी आणि माझं विशेषण

इंग्रजीची बाई निवृत्त झाली तरी लोक तिला निवृत्त होऊ देत नाहीत. कुणाच्या पोरीचा नोकरीचा अर्ज, कुणाच्या दुकानाची पाटी, कुणाची लग्नपत्रिका. सांगलीत आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यानं तर टोस्टच्या पुड्यावर काय छापावं हे विचारायला मला ऐन दुपारी झोपेतून उठवलं होतं. "क्रिस्पी छाप, बाबा, आणि जा," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. ह्या सगळ्याचा मला फार वैताग येतो असं मी सांगत फिरते. ते खोटं आहे. चार दिवस कुणी काही विचारलं नाही तर मलाच करमत नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी असाच एक फोन आला. "बाई, मी बोलतीया," एवढंच तिकडून. नाव सांगायची गरजच नव्हती. हा आवाज मी तीन वर्षं वर्गात पहिल्या बाकावरून ऐकला होता, आणि तो कधी खालच्या पट्टीत ऐकल्याचं मला आठवत नाही. माण तालुक्यातल्या ज्या गावात मी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तिथली ही माझी विद्यार्थिनी. पुढं तिला गावातच दिली, आणि दिली तीही माझ्या भाड्याच्या खोलीच्या अगदी समोरच्या घरात. त्या घरातले तात्या तिचे सासरे, ती त्यांना मामा म्हणते. ते घोंगडी विणायचे. गावात एके काळी आठ-दहा माग होते, आता त्यांचा एकट्याचाच उरला होता.

"बाई, इंग्रजीत चार वळी पायजेत," ती म्हणाली. "पुण्याच्या एक ताई आल्त्या. हातानं केलेल्या वस्तूंचं दुकान हाय त्यांचं, भाईरच्या देशात बी माल जातो म्हनं. मामांचं एक घोंगडं नमुना म्हनून घिऊन गेल्या आन् तसली बारा सांगितल्यात. हरेकाला चिठ्ठी बांधायची. घोंगडं हाताला कसं लागतं, तेवडं इंग्रजीत लिवायचं."

"मग एवढ्यासाठी मी कशाला? फोनमध्ये टाकलं की इंग्रजी बाहेर येतं की आता."

"आवं, त्यात टाकलं तर त्यानं 'ब्लँकेट इज ब्लॅक' एवडंच सांगितलं. ते मला बी येतंय."

हसलो दोघी. मग तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. तिचा नवरा मुंबईत गोदामात कामाला. त्यानं निरोप धाडला होता, की ही बारा नीट गेली तर माग राहू दे. नाही तर दिवाळीला येतो आणि खड्डा बुजवून घरभर फरशी टाकतो. तात्यांचा माग जुन्या पद्धतीचा, जमिनीतल्या खड्ड्यावरचा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो, पायानं खालच्या फळ्या दाबतो आणि हातानं धोटा इकडून तिकडं फेकतो. सोप्यातली निम्मी जागा तो खड्डा अडवून बसलेला. पोराचंही काही अगदीच चुकत होतं असं नाही.

"पर मामा मागाबिगर करतील काय, बाई? मला तर इचारच करवत न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. अशा चार ओळी लिहिते की ती पुण्याची बाई बाराच्या जागी चोवीस मागेल." शेखी मिरवायची माझी खोड जुनीच आहे.

फोन ठेवला आणि मी बसल्या जागी त्या गावात जाऊन पोचले. काय दिवस होते! नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची, सांगलीची कृष्णाकाठची मुलगी, आणि बदली कुठं, तर माणात. जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता जातो. पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री रडले, हे कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी जाग यायची ती समोरच्या मागाच्या आवाजानं. खट्टक, जरा थांबून खट्, परत खट्टक. आधी त्या आवाजाचा भयंकर राग यायचा. महिनाभरानं एका सकाळी आवाज आला नाही, तर मी दात घासता घासता तशीच समोर गेले, तात्या आजारी आहेत की काय बघायला. तात्या मजेत दशम्या खात बसले होते. लोकर संपली होती, एवढंच.

खळ शिजायची त्या दिवशी तर अख्ख्या आळीला वास. चिंचोके दळून, पाण्यात शिजवून त्याची चिकट खळ करायची आणि ताणलेल्या लोकरीच्या धाग्यांवर मोठ्या कुंच्यानं चोळायची. त्यानं धागा ताठ होतो. विणून झाल्यावर घोंगड्याला परत खळ, परत ऊन. नवं घोंगडं भिंतीला टेकवून ठेवलं तर उभं राहायचं. तात्यांच्या मंडळी खळ ढवळता ढवळता मला हाक मारायच्या, "या की बाई, बसा जरा, नाक धरून का हुईना!" मी नाक धरायची हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

वास्तविक लोकर, कापूस, पोत, ह्यांतलं मला कळायला हवं, कारण मी पिंजाऱ्याची मुलगी. आमच्या घरात दखनी, गल्लीत मराठी आणि पोटापाण्याला इंग्रजी. अब्बा गाद्या भरायचे. कापूस घेताना चिमूट धरून डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा नरम आहे, पण मुलायम नाही. मी लहानपणी विचारलं होतं, दोन्ही एकच ना? तर म्हणाले, "नरम दबाये तो समजता, मुलायम हात फिराये तो." एवढा फरक मला नंतर कुठल्याच शब्दकोशात मिळाला नाही. अब्बा शाळेत दुसरीपर्यंत गेलेले.

त्यांच्यावरूनच मला वर्गात एक खेळ सुचला होता. विशेषणांचा धडा आला की मी एका कापडी पिशवीत काहीबाही भरून न्यायची. नारळाची शेंडी, ओढ्यातला गोटा, बाजरीचं कणीस, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, समोरच्या घरून मागून आणलेला घोंगड्याचा तुकडा. न बघता पिशवीत हात घालायचा आणि हाताला काय लागतं ते इंग्रजीत सांगायचं. ही पोरगी, म्हणजे आजची तात्यांची सून, आली, तिच्या हाताला घोंगडं लागलं. अख्खा वर्ग ओरडतोय, "रफ, रफ!" आणि ही म्हणते, "न्हाई बाई, रफ तर वही असती." पोरं बाकावर डोकं आपटून हसली. मी तिला बाहेर उभी केली. आज वाटतं, त्या वर्गात पोताचं खरं त्या एकटीला कळलं होतं. रफ म्हणजे कच्चं, खोडाखोडीचं, मग फेअर करायचं. तात्यांचं घोंगडं काय कच्चं होतं?

तर मी कागद घेऊन बसले. पहिलं 'रफ' लिहिलं आणि तेच आठवलं, म्हणून खोडलं. मग 'कोर्स'. शब्द बरोबर, जाडंभरडं. पण तोच शब्द मी वर्षानुवर्षं पोरांना असभ्य वागण्यासाठी शिकवलेला. तो तात्यांच्या मालावर बांधायला हात होईना. 'स्क्रॅची' म्हटलं की नुसत्या उच्चारानं अंगाला खाज सुटते. 'रगेड' म्हणजे ट्रकच्या टायरची जाहिरात. 'टेक्स्चर्ड' लिहिलं, छान दिसलं, आणि लगेच कळलं की ह्याचा अर्थ 'पोत असलेलं', म्हणजे काही न सांगता चार अक्षरं वाया. मराठीत हेच लिहायचं असतं तर मला किती शब्द होते! राठ, खरबरीत, चरचरीत, भरड, खरखरीत. एकेका शब्दाला हात लावून बघावा. इंग्रजीत मी चाळीस वर्षं काढली आणि ऐनवेळी पिशवी रिकामी.

शेवटी उठले आणि गादीखालचं घोंगडं ओढून काढलं. मी गाव सोडलं तेव्हा तात्यांनी दिलेलं. हो, गादीखालचं. खरं सांगायचं तर ते मी एकदाही अंगावर घेतलं नाही. एका थंडीत घ्यायला गेले, पाच मिनिटांत मान, हात लाल झाले, टाकलं बाजूला. पण गावाकडचं कुणी भेटलं की माझं ठरलेलं, "तात्यांना सांगा, लय ऊब आहे हो!" त्या दिवशी मी त्यावरून हात फिरवला. टोचलंच. आणि मला लाज वाटली. पुण्याची ती बाई, परदेशातली ती गिऱ्हाइकं, चांगली शिकलेली, नाजूक कातडीची माणसं; त्यांच्यापुढं तात्यांचं घोंगडं टोचरं म्हणून कसं उभं करू? आपल्या माणसाचं लग्न ठरत असताना त्याच्या रंगाबद्दल आपण खोटं बोलतो, तसंच मी केलं. 'सॉफ्ट अँड स्मूद' असं लिहिलं. पुढं आणखी तीन ओळी शुद्ध लोकर, जुनी परंपरा वगैरे. अक्षर चांगलं काढून फोटो पाठवला आणि स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस परत फोन. ह्या वेळी "मी बोलतीया" नाही, काही नाही.

"बाई, मामांनी समदी घोंगडी धुतली."

"धुतली म्हणजे?"

"म्हंजी धुतली! रिठ्याच्या पान्यात. बाराच्या बारा."

झालं होतं असं. दहिवडीतून चिठ्ठ्या छापून आणल्या. तात्यांना वाचता येत नाही इंग्रजी, पण आपल्या मालाला काय बांधतायत ते कळल्याशिवाय ते बांधू देईनात. तिनं मराठीत सांगितलं, मऊ आणि गुळगुळीत. तात्यांनी विचारलं, "ह्ये बाईंनी लिवलंय?" तिनं व्हय म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती बचत गटाच्या कामाला तालुक्याला गेली, तर ह्यांनी बाराही घोंगडी बैलगाडीत घालून मळ्यातल्या विहिरीवर नेली. रिठे फोडले, पाणी केलं आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत एकेक घोंगडं पायानं तुडवलं. त्या वयाला!

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. तासगाव, विटा, मायणी. विट्याच्या स्टँडवर कंडक्टर चहाला उतरला तेवढी दहा मिनिटंसुद्धा मला सोसवेनात. सगळा रस्ता मनाशी एकच घोकत होते, की थोडी मऊ झाली असतील, झाली तर झाली, त्यात काय बिघडलं. आशा म्हणजे काय चीज असते बघा.

घरापाशी उतरले तर कुंपणाच्या तारेवर ओळीनं घोंगडी वाळत टाकलेली. हात लावला. मऊ होती. अगदी मऊ. सगळी खळ निघून गेलेली, अंगातला ताठा गेलेला, कशीही टाका तशी पडणारी. आणि आटलेली, हातभर तरी. ओली लोकर रगडली की ती आत आत घट्ट होते, हे मला कुणी शिकवायला नको. आमचे आजोबा लोकर ओली करून, लाटून जेनं करायचे, ते जाड बसकर असतं ना, तसलं. ही घोंगडी घोंगडी राहिली नव्हती आणि जेनंही झाली नव्हती. काठ वाकडेतिकडे. म्हणतात ना, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण हा मारुती मी केला होता, तात्यांनी नाही.

तात्या सोप्यात मागावर बसले होते. माग रिकामा, पाय मात्र सवयीनं खड्ड्यात.

"या बाई. लय दिसानं," ते म्हणाले. "बगितली का? मऊ आली नव्हं? थोडी आटली. आटनारच. पर कागुद खोटा पडाय नको."

"तात्या, तुम्हाला ठाऊक होतं ना, आटतील म्हणून? मग का धुतलीत?"

ते काही वेळ हातातला धोटा उलटासुलटा करत राहिले.

"आमची मंडळी शेवटाला हातरुणावर हुती, तवा मी नवं घोंगडं घातलं तिच्या अंगावर. म्हनली, 'काडा ह्ये, टोचतंय.' जल्मभर खळ ढवळली तिनं, कदी म्हनली न्हाई. मग पोरानं दुकानातलं गुलाबी बिलांकिट आनलं, त्यात गेली ती." धोटा खाली ठेवून म्हणाले, "मला वाटायचं, घोंगडं म्हंजी टोचनारच, आपला काय इलाज. आन् तुमी लिवलं, मऊ. तुमी शिकल्याली, तुमच्याकडं बी माझं घोंगडं हाय, रोज अंगावर घेता. म्हनलं, बाईंस्नी मऊ लागतंय म्हंजी ते मऊ हुत आसंल. मलाच जमलं न्हाई इतकी वरसं."

या अल्ला. मला तोंड कुठं लपवावं कळेना. पदरानं डोळे पुसले आणि सांगून टाकलं. "तात्या, मी खोटं लिहिलं. तुमचं घोंगडं मी कधी अंगावर घेतलं नाही. गादीखाली ठेवलंय. टोचतं मला. आणि टोचतं असं लिहायची लाज वाटली, म्हणून मऊ लिहिलं."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. सून चहा घेऊन दारात थबकली होती. तात्या म्हणाले, "गादीखाली बी ऊब धरतंय की ते." एवढंच.

सांगलीला परत न जाता तिथूनच मी पुण्याच्या बाईंना फोन लावला. चूक माझी, म्हाताऱ्या माणसाला शिक्षा नको, हे सगळं मी घासूनपुसून काढलेल्या इंग्रजीत बोलले. त्या शांतपणे ऐकून घेऊन मराठीत म्हणाल्या, "अहो, टोचत होतं म्हणूनच तर मला आवडलं होतं. ताठ उभं राहत होतं ते. मऊ मला कुठंही मिळतं." मला अक्कल शिकवायला पुण्याहून कुणी यावं लागतं ह्याचा एरवी मला केवढा राग आला असता! त्या दिवशी नाही आला. त्यांना माल दसऱ्यानंतर लगेच पाठवायचा होता, तेवढ्यात नवी बारा विणून होणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या, आणि चिठ्ठीवरचा मजकूर मात्र बदलून ठेवा.

तेव्हा मग जे आधीच करायला पाहिजे होतं ते मी केलं. नमुन्याबरोबर विणलेलं एक जुनं घोंगडं घरात उरलं होतं, ते मांडीवर घेऊन तात्यांच्या शेजारी खड्ड्याच्या काठावर बसले आणि विचारलं, "तुम्ही सांगा. हे हाताला कसं लागतं?"

"टोचतं," तात्या म्हणाले.

"आणखी?"

"आनखी काय? पयली दोन वरसं टोचतं. मग आपलं हुतं."

सून म्हणाली, "बाई, ह्येच लिवा की." मी हेच लिहिलं. गुणविशेषण एकही नाही. दोन छोटी वाक्यं, पाचवीतल्या पोरालाही येतील अशी. पुण्याच्या बाईंना पाठवली, त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं, की हे फारच सुंदर आहे, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी. दिवाळी चार आठवड्यांवर आली होती.

मग राहिला मुलगा. त्यालाही मीच शिकवलं होतं, व्याकरणात कच्चा, पण वागायला अतिशय सरळ. मी फोनवर माझा सगळा वर्गातला आवाज लावला. एक वर्ष थांब, म्हटलं, एकच वर्ष, चूक माझी आहे, तुझ्या वडिलांची नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. पर त्यांचं गुडघं बगितलं का तुमी? त्या खड्ड्यातल्या वलीनं गेल्यात. त्या दिवशी विहिरीवर तुडवून आल्यावर दोन रात्री त्यांस्नी उठता येत नव्हतं, तुमाला सांगितलं न्हाई कुनी. मी लांब बसलेलो. एक दिवस त्या खड्ड्यात पडून ऱ्हायले तर?" गुडघ्यांचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. ते दुखणंही माझ्याच चिठ्ठीचं होतं.

निघताना मी सुनेला म्हटलं, "तू तरी त्याला समजाव." ती म्हणाली, "समजावलंय, बाई. पर त्यो बी खरं बोलतोय, हेच वाईट हाय." तारेवरची बारा घोंगडी तिनं घड्या करून ठेवली. पुढं म्हणे मेंढ्यांच्या कोकरांखाली घातली आणि शेजारपाजारच्या बाळंतिणींना वाटून टाकली. बाळंतिणींना फार आवडली, मऊ आहेत म्हणून.

दिवाळी झाली. जायचं जायचं म्हणत मी महिना घालवला. कारणं मला पुष्कळ होती, बहिणीचं ऑपरेशन, घराचा रंग. खरं कारण एकच, भीती. शेवटी थंडीत गेले. एसटीतून उतरले तर आळी केवढी शांत वाटली! एकोणीस वर्षं जो आवाज ऐकला तो नाही, एवढंच, बाकी सगळं तेच.

सुनेनं दारातच सांगितलं, "मामा परसदारी हायेत." आत गेले. सोप्यात पांढरी फरशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोपा एकदम केवढा मोठा दिसत होता! खड्डा कुठं होता हे मी नजरेनं शोधलं आणि मला ती जागा सापडली नाही. मागाची लाकडं वर माळ्यावर बांधून ठेवली होती. कोपऱ्यात एक नवी प्लॅस्टिकची खुर्ची, मुलानं मुद्दाम तात्यांसाठी आणलेली. सुनेनं सांगितलं, त्यात ते बसत नाहीत, पायांना लगेच मुंग्या येतात. मांडी तर गुडघ्यांमुळं घालताच येत नाही. भिंतीला टेकून पाय पसरावेत, तर येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाय होतात, ते त्यांना बरं वाटत नाही.

तात्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. तिथं दोन पायऱ्या उतरून न्हाणीच्या सांडपाण्याचा चर जातो. ते उंबऱ्याच्या कडेला सरकून, दोन्ही पाय खाली त्या चरात सोडून बसले होते. थंडीचे दिवस, पाणी पायाला लागत होतं.

मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले आणि म्हटलं, "तात्या, हे माझ्यामुळं झालं. मी ते चुकीचं लिहिलं नसतं तर तुमचा माग आज चालू असता. मला माफ करा." एवढं म्हणेपर्यंत मला रडू आवरेना.

त्यांनी मान वळवून पाहिलं.

"आवं बाई, रडताय कशापाय? पोरानं चांगल्यासाटीच केलंय. फरशी बी झ्याक हाय, झाडाय सोपी." मग पाण्यातले पाय जरा वर उचलले, ठेवायला जागा शोधल्यासारखे इकडं तिकडं केले, आणि परत खाली सोडले. "निस्तं बसायचं तेवडं कळंना झालंय. सारा जल्म पाय खाली सोडून बसलो. तुमी शिकल्याली हाय, बाई. आता पाय ठिवू कुटं, तेवडं सांगा."